ताईची हनुवटी

गोबू हे नाव तिला रांगत्या वयातच चिकटलं. गाल गोबरे, म्हणून गोबू. शाळेत जायला लागल्यावर गाल थोडे उतरले, पण उतरलेलं कुठं गेलं नाही; हनुवटीखाली जाऊन मुक्कामाला बसलं. तेव्हापासून तिला दोन हनुवट्या. एक जन्माची आणि एक कमावलेली, असं ती स्वतःच सांगायची आणि सगळ्यांच्या आधी हसायची.

तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, दोन वर्षांनी मोठी आणि अंगानं काटकुळी. दोघींचे डोळे तेच, कपाळ तेच, नाकाचा शेंडासुद्धा तसाच जरा वर उचललेला. पण परक्या माणसाला त्या बहिणी वाटायच्याच नाहीत. "एकाच साच्यातल्या आहेत हो," आई म्हणायची, "हिच्या वेळी हात सैल सुटला, एवढंच."

दोघी एका मोठ्या लाँड्रीत कामाला होत्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून तिथं यायच्या. धुऊन झाल्या की तापलेल्या रोलरमधून कडक होऊन बाहेर पडायच्या आणि दोघीदोघींनी त्यांच्या घड्या घालायच्या. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, पुढं येऊन कोपरे जुळवायचे, मागं सरायचं, परत पुढं यायचं. ताई पुढं येण्याआधी जिभेनं टाळूवर 'टक्' असा आवाज करायची. त्या आवाजावर गोबूचं पाऊल आपोआप पडायचं. वर्षानुवर्षं दोघी दिवसभर अशाच एकमेकींजवळ यायच्या आणि लांब जायच्या.

मग ताई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात ठेवलं, तापाचं मूत्रपिंडावर गेलं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मागं भावजी राहिले आणि सहा वर्षांची छकुली. ते दोघं चार गल्ल्या सोडून राहायचे. सुट्टीच्या दिवशी छकुली मावशीकडे आणि आजीकडे यायची, इतर दिवशी भावजी जमेल तसं निभावून न्यायचे. गोबूनं लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि आई. लाँड्रीत तिच्यासमोर आता दुसरी बाई उभी राहायला लागली. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण कोपरा कसा धरावा यावरही ती धडा द्यायची.

तीन वर्षं अशीच गेली. मग सुपरवायझर बाईंनी एक दिवस गोबूला बोलावून घेतलं. लाँड्रीचा नवा काउंटर होणार होता. गिऱ्हाइकांशी बोलायला कुणी हसतमुख माणूस हवं होतं.

"तुझ्यापेक्षा हसरी कोण आहे इथं?" बाई म्हणाल्या. "दिवसभर उभं राहायला नको, वाफ नको. रंगकाम झालं की चारेक महिन्यांत तिकडं जा. हा युनिफॉर्म घालून बघ."

युनिफॉर्म छान होता, निळसर, ताठ कॉलरचा. कॉलरचं वरचं बटण गळ्याशी लावायचं होतं. गोबूनं घरी आरशासमोर श्वास रोखून ते लावलं आणि हनुवटीखालचं सगळं कॉलरवरून असं ओसंडलं, की तिला स्वतःलाच हसू फुटलं. हसताना बटण तुटून कपाटाखाली गेलं. ते शोधायला ती वाकली आणि तशीच खाली बसून राहिली. आयुष्यभर ज्याचा तिनं विनोद केला होता, त्याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

ऑपरेशन वगैरे तिला नको होतं. सुईलाच ती घाबरायची, तिथं सुरी कुठली! म्हणून ती आधी कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे गेली. पार्लरवालीनं तिला एक गुळगुळीत दगडी रोलर दिला आणि खालून वर कसा फिरवायचा ते दाखवलं. शिवाय व्यायाम सांगितले. छताकडे बघून 'ओ' म्हणायचं, मग 'ई' म्हणायचं, जीभ टाळूला दाबून धरायची, खालचा जबडा पुढं काढायचा. गोबू चहाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या दाराशी उभी राहून हे करायची आणि मास्तरीण तिच्याकडे बघून म्हणायची, "छताला शिव्या देतेस की मुके?" महिनाभरात मान मात्र मस्त अवघडली. हनुवटी होती तिथंच.

"मग पट्टा लाव," पार्लरवाली म्हणाली. तो कातडीच्या रंगाचा, ताणला जाणारा पट्टा होता. हनुवटीखालून घ्यायचा, कानांना मोकळं सोडायचं आणि डोक्यावर नेऊन चिकटवायचा. रोज तासभर.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गोबूनं तो लावला आणि पलंगावर उताणी पडली. पट्टा घट्ट होता. तोंड मिटलेलं, दात दातांवर. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून तिनं डोळेही मिटले. तिला डुलकी लागली असावी. कारण नंतर जे कळलं ते आधी पायांना कळलं. कुणीतरी तिचे पाय सरळ करत होतं. हलक्या हातानं, घाई न करता. टाचेला टाच जुळवली. मग चादर पायांवरून, पोटावरून, छातीवरून वर ओढली आणि गळ्याशी आणून तिची नीट दुमड घातली.

गोबूनं डोळे उघडले. आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिचा चेहरा शांत होता, एखादं नेहमीचं काम करताना असतो तसा.

"आई, काय करतेस?" असं गोबूला म्हणायचं होतं. पण जबडा बांधलेला. नुसता घशातून आवाज आला.

तेव्हा आई किंचाळली. किंचाळून भिंतीपर्यंत मागं सरकली आणि तिथं दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. गोबूनं पट्टा ओरबाडून काढला, पाणी आणलं, आईला जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं आईचा श्वास जागेवर आला.

"तिलाही असंच बांधलं होतं," आई म्हणाली. "तू तेव्हा भावजींबरोबर खाली गेली होतीस. दवाखान्यातल्या आयेनं बँडेजची पट्टी हनुवटीखालून घेतली आणि डोक्यावर गाठ मारली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, तोंड उघडं राहायला नको."

तीन वर्षांत आई हे बोलली नव्हती. तो पट्टा तिनं त्याच संध्याकाळी लांबच्या कचरापेटीत नेऊन टाकला.

खरं तर इथंच तिनं नाद सोडायला हवा होता. पण काउंटरचं रंगकाम अर्ध्यावर आलं होतं, कॉलर कपाटात लटकत होती आणि गोबू दिसायला हसरी असली तरी आतून भलती हट्टी होती. ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी गोबूला सरळ बसवलं, हनुवटीखालचं मांस दोन बोटांत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"ही चरबी आहे. कातडी सैल नाही, ते बरं. सैल असती तर वेगळं सांगितलं असतं. क्रीम आणि रोलर चरबीपर्यंत पोचत नाहीत, ते विसरा. व्यायामानं स्नायूला काम मिळतं, चरबी जात नाही. एकूण वजन उतरलं तर थोडा फरक पडेल, पण तुमची ठेवणच अशी दिसते."

"मग?"

"चरबी विरघळवणारी इंजेक्शनं असतात. तीन-चार वेळा यावं लागतं, दर वेळी गळा सुजून बेडकासारखा होतो, मग उतरतो. नाहीतर थंडीनं गोठवायची. यंत्र लावतात, गोठलेल्या पेशी मरतात, शरीर त्या हळूहळू बाहेर टाकतं. सुई नाही, टाका नाही. काही आठवडे बधिरपणा राहतो. आणि हेही ऐकून ठेवा, क्वचित एखाद्याला कमी व्हायच्याऐवजी तिथं उलट वाढतं. पुढं वजन वाढलं तर परतही येऊ शकतं. जादू नाही ही."

सुई नाही म्हटल्यावर गोबूचा निर्णय झालाच होता. तरी उठता उठता तिनं विचारलं, "हे गेलं की खाली काय असेल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचीच हनुवटी असेल. दुसऱ्या कुणाची?"

ठरल्या दिवशी तिला खुर्चीत मागं रेलून बसवलं. गळ्याला गार, चिकट कापड लावलं आणि त्यावर वाटीसारखं यंत्र बसवलं. वाटीनं मांस आत ओढून घेतलं. आधी ओढ, मग थंडी, मग थंडीची आग, आणि मग एकाएकी काहीच नाही. जणू गळ्याचा तेवढा भाग कुणीतरी खोलीबाहेर नेला. यंत्र काढलं तेव्हा हनुवटीखाली लोण्याची वडी असावी तसा थिजलेला गोळा होता. तिथल्या मदतनीस बाईनं तो चोळचोळून मऊ केला. गोबूला तिचे हात दिसत होते, पण चोळलेलं कळत नव्हतं.

तो बधिरपणा घरी आला आणि राहिला. चेहरा धुताना गोबूचा हात हनुवटीला लागायचा तेव्हा हाताला कातडी कळायची, पण कातडीला हात कळायचा नाही. आपण दुसऱ्याच कुणाच्या हनुवटीला हात लावतोय असं वाटायचं. थोडी गार, थोडी परकी, शेजारी झोपलेल्या माणसाला अंधारात चुकून हात लागावा तशी. पहिल्या आठवड्यात तिनं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या आठवड्यापासून ती चेहरा धुताना डोळे मिटेनाशी झाली.

पण गुण यायला लागला, हे खरं. महिन्याभरात कॉलरवर ओसंडणारं कमी झालं. त्यात ती संध्याकाळचं जेवण अर्धं करून टाकत होती, त्यामुळे गालही आत गेले. जबड्याची रेघ दिसायला लागली. तिनं नवं बटण शिवून घेतलं होतं. एका सकाळी ते अलगद लागलं. गोबूनं खुशीत मान इकडून तिकडे वळवली आणि ती अर्ध्या वळणावर थांबली. आरशातली बाई ओळखीची होती, पण ती गोबू नव्हती. नाकाच्या वर उचललेल्या शेंड्याखाली, इतकी वर्षं चरबीच्या आड राहिलेली ती अरुंद, मधे किंचित खळगा असलेली हनुवटी ताईची होती.

बहिणी आहोत, असणारच साम्य, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कामाला गेली.

लाँड्रीच्या फाटकाशी हजेरीचं यंत्र होतं. त्याच्यासमोर चेहरा धरायचा. ओळख पटली की हिरवा दिवा लागायचा, आतून एक बाई 'धन्यवाद' म्हणायची आणि पडद्यावर आपला छोटासा फोटो यायचा. ते बसवलं तेव्हा ताई होती. दोघींचे चेहरे एकाच दिवशी नोंदवले होते.

त्या आठवड्यात कधीतरी गोबूनं यंत्रासमोर चेहरा धरला. हिरवा दिवा लागला. यंत्र 'धन्यवाद' म्हणालं आणि पडद्यावर ताईचा फोटो आला.

शेजारी उभे असलेले वॉचमनकाका ताईला चांगले ओळखत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, गोबूकडे पाहिलं, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. जरा वेळानं म्हणाले, "ये, आत ये. यायची वेळ झालीय तुझी." हे ते कुणाला म्हणाले, ते गोबूला कळलं नाही.

हजेरी बघणारा क्लार्क मात्र हसला. "अहो, यंत्राला काय कळतंय! डोळ्यांमधलं अंतर मोजतं, हनुवटीपर्यंतची लांबी मोजतं. तुमची मापं फिरून बहिणीच्या मापांना जाऊन भिडली. त्यांची नोंद काढायची राहून गेलीय, चूक आमचीच. आत्ता काढू का?"

"थांबा," गोबू पटकन म्हणाली. "जरा थांबा. राहू द्या थोडे दिवस."

का म्हणाली, ते तिला सांगता आलं नसतं. भीती तर वाटली होतीच. पण तो फोटो! त्यात ताई दचकल्यासारखी बघत होती, तोंड हसायच्या बेतात. घरात ताईचे फोटो होते, ते सगळे समारंभातले, नटलेले. कामावरची, केस कसेतरी बांधलेली ताई फक्त त्या यंत्रात उरली होती. गोबू रोज थोडी लवकर जायला लागली. चेहरा धरायचा, ताईला बोलवायचं, ती येईपर्यंत श्वास रोखायचा. क्लार्क तिच्या हजेऱ्या हातानं दुरुस्त करायचा आणि कुरकुरायचा.

घडीच्या टेबलाशी गोष्टी बिघडायला लागल्या. एका दुपारी मास्तरणीनं चादरीचे कोपरे हातातून सोडून दिले. चादर जमिनीवर पडली.

"काय गं?" गोबूनं विचारलं.

"तो आवाज नको करूस."

"कुठला आवाज?"

"जिभेचा. टक् करतेस तो." धडे देणारी बाई ती, पण चादर उचलायलाही पुढं येईना. "आणि पहिलं पाऊल डावं टाकतेस. तू कधी डावं टाकत नव्हतीस. मी मागच्या टेबलाला असायचे, मला माहीत आहे ना कोण डावं टाकायचं ते."

गोबूला आवाज केलेला आठवेना. हनुवटी अजून पुरती जागी झाली नव्हती. जीभ काय करते ते जबड्याला कळत नव्हतं, असंही असेल. तिनं उजवं पाऊल पुढं टाकायचं ठरवलं आणि मोजूनमापून टाकायला लागली. पण लक्ष चुकलं की 'टक्'. दोन दिवसांनी मास्तरणीनं सुपरवायझर बाईंना सांगून टेबल बदलून घेतलं. कारण विचारलं तेव्हा पाठदुखी सांगितली.

छकुली आता नऊ वर्षांची होती. परीक्षेमुळे ती महिनाभर आली नव्हती. आली त्या दिवशी भावजी तिला सोडायला दारापर्यंत आले. दार गोबूनं उघडलं. भावजींच्या हातातली पिशवी खाली गेली. तोंड उघडं राहिलं. मग मान खाली घालून, तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "तुम्ही... बारीक झालात," आणि जिना उतरून गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

छकुली घाबरली नाही. ती जवळ आली, नेहमीसारखी मावशीच्या मांडीवर बसली आणि तिनं दोन बोटं मावशीच्या हनुवटीखाली घातली. आई गेल्यापासून मावशीकडे तिला झोप यायची ती तशीच, तिथलं मऊ बोटांत धरून. बोटं तिथं फिरली, थांबली, परत फिरली.

"इथलं कुठं गेलं?"

"गेलं ते. छान दिसत नव्हतं ना."

"मला झोपायला लागायचं ते," छकुली म्हणाली. रडली नाही. बोटं काढून घेतली आणि उठून आजीजवळ जाऊन बसली. आपण आपलंच काही टाकून दिलं असं तिला वाटत होतं. त्यात कुणाचा तरी वाटा होता, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग आईचं सुरू झालं.

एका संध्याकाळी गोबू कामावरून आली, हातपाय धुतले, ताटं घेतली. आईनं तिला बसायला जागा केली. दोन घास झाले असतील नसतील, आई म्हणाली, "ताई, गोबू अजून कशी आली नाही गं?"

गोबूचा घास हातातच राहिला. "आई, मीच गोबू."

आईनं तिच्याकडे बघितलं आणि लहान मुलाच्या थापेला हसावं तशी हसली. "असू दे. तिचं ताट झाकून ठेव."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नजर वयाच्या मानानं चांगली निघाली. दुसऱ्या डॉक्टरांनी तारीख विचारली, हिशेब विचारले, आईनं सगळं बिनचूक सांगितलं. मुली किती, तर म्हणे दोन, थोरली गेली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहेत. घरी आल्यावर संध्याकाळ झाली, दिवा लागला, आणि आईनं समोर बसलेल्या गोबूला विचारलं, "ताई, गोबू कुठं राहिली?"

रोज तेच. आधी गोबू समजावायची, मग चिडायची, मग एकदा रडलीसुद्धा. आई कासावीस व्हायची, दाराकडे बघत बसायची, जेवायची नाही. "तिला काही झालं तर नाही ना? तुम्ही माझ्यापासून लपवता. तुझ्याही वेळी लपवलं होतं." शेवटी गोबूनं हात टेकले. एका संध्याकाळी ती उठली, चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. जिन्यात थोडा वेळ उभी राहिली. मग बेल वाजवून, आपलं जुनं मोठ्यानं बोलणं बोलत, हसत आत आली. "आई गं, काय भूक लागलीय! काय केलंय जेवायला?"

आईचा चेहरा उजळला. "आलीस बाई! किती उशीर!" तिनं गोबूचे हात हातात घेतले. आईनं आपल्याला ओळखलं म्हणून गोबूला इतकं हलकं वाटलं, की ती खाली तिच्या पायांशीच बसली.

"अगं, जरा लवकर यायचंस," आई म्हणाली. "ताई आत्ता इथंच होती. तुझी वाट बघून गेली."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. समोर अर्धं जेवलेलं ताट होतं. तिचंच, मघाचं. पण आई त्या ताटाकडे ज्या मायेनं बघत होती, तसं गोबूच्या ताटाकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

"काय म्हणाली?" तिनं कसंबसं विचारलं.

"काही नाही. बसली होती नुसती. मी हनुवटीला हात लावला तर गार. म्हटलं, गोबू आली की तिला सांगते, तुझी शाल देईल." आई थांबली. "ती म्हणाली, नको. म्हणाली, मला आता जाऊ दे."

हे वाक्य गोबू बोलली नव्हती. मघाशी ताटावर बसून ती एक अक्षर बोलली नव्हती, हे तिला पक्कं आठवत होतं. की बोलली होती? त्या आवाजासारखंच तिच्या नकळत?

दुसऱ्या दिवशी ती यंत्रासमोर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. ताई आली, दचकल्यासारखी, हसायच्या बेतात. गोबूनं तिच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. मग क्लार्ककडे जाऊन म्हणाली, "काढा ताईची नोंद."

त्यानं दोन बटणं दाबली. "झालं. आता तुमचा चेहरा परत नोंदवू. उभ्या राहा."

ती उभी राहिली. लाल दिवा लागला. आतली बाई म्हणाली, 'ओळख पटली नाही.' क्लार्कनं परत प्रयत्न केला. परत तेच. "जुना चेहरा तुमच्या आजच्या चेहऱ्याशी जुळत नाही आणि नवा घ्यायला ते कबूल होत नाहीये," तो म्हणाला. त्याचं हसू आता गेलं होतं. फाटकाशी रांग लागली. सगळ्यांसमोर ते यंत्र गोबूला परत परत सांगत राहिलं, की तू कुणी नाहीस. वॉचमनकाका उठून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं तिला रडू आलं. रडताना तिचा चेहरा सगळा गोळा झाला, गाल वर चढले, आणि यंत्रानं हिरवा दिवा लावला.

काउंटर सुरू झाला तसं गोबू तिकडं गेली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा थंडी लावायची का विचारलं, तिनं नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळचं पूर्ण जेवायला लागली. वर्षभरात गाल परत आले, हनुवटीखालीही थोडं आलं, सगळं नाही. बधिरपणा मात्र हळूहळू पूर्ण गेला. आईनं त्यानंतर ताईला कधी हाक मारली नाही. ती दोन वर्षं जगली आणि शेवटपर्यंत गोबूला गोबूच म्हणत राहिली. फक्त संध्याकाळी दिवा लागला की ती दोघींचे हात तपासावेत तसे गोबूचे दोन्ही हात धरून बघायची आणि मग निवांत व्हायची. मास्तरीण काउंटरवर येऊन तासन्तास गप्पा मारायची, पण चादरीची घडी घालायला गोबूबरोबर कधी उभी राहिली नाही.

भावजींची पुढं दुसऱ्या गावी बदली झाली आणि छकुली शिकायला मावशीकडेच राहिली. काउंटरवर बायका अजून गोबूला विचारतात, तुम्ही काय केलं होतंत, गुण आला का? ती सरळ सांगते. रोलर घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा, थंडीचं यंत्र असतं, थोडा फरक पडतो. बाकीचं सांगत नाही.

एकदा सुट्टीच्या सकाळी छकुली जुने फोटो बघत बसली होती. आता ती कॉलेजात होती. "मावशी," ती म्हणाली, "ह्या सगळ्या फोटोंत आई गंभीर आहे. मला तिचं हसणं आठवतच नाही. कशी हसायची गं?"

गोबू भांडी पुसत होती. ती थांबली. आईच्या त्या संध्याकाळनंतर तिनं ताईसारखं काही केलं नव्हतं, पाऊलसुद्धा जपून टाकत आली होती. पण पोरीनं आजवर काही मागितलं नव्हतं. तिनं भांडं खाली ठेवलं, हात पुसले, खुर्ची ओढून छकुलीसमोर बसली. हनुवटी थोडी वर उचलली. डोळे बारीक केले. आणि ताई जशी हसायची, आवाज न करता, एका बाजूनं सुरू होऊन दुसऱ्या बाजूला पोचणारं, तशी हसली.

छकुली बघत राहिली. डोळे भरले तरी पापणी लववली नाही.

"बस," शेवटी ती हळूच म्हणाली. "आता मावशीसारखी हस."

गोबूनं मान डोलावली. पण तसं हसायला तिला जरा वेळ लागला.